बानूबाईंचा दुसरा टेक

चहाच्या आधी बानूबाई कमरेची पिशवी सोडायच्या. मळून पिवळट झालेल्या कापडाची, दोरीनं तोंड आवळलेली लहानशी पिशवी होती ती, आणि तिच्यात जेजुरीहून आणलेला भंडारा असायचा. आधी उंबऱ्यावर चिमूट पडायची, मग अंगणात जे जे उभं असेल त्याच्या कपाळाला बोट लागायचं. शेळी, तिची करडं, कुत्रा, मुलगा संपत, सून प्रतिभा आणि सगळ्यांत शेवटी ट्रॅक्टर. ट्रॅक्टरचं कपाळ कुठलं असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, दिव्याच्या वरचं. कुत्रा रोज मान फिरवायचा आणि रोज बोलणी खायचा. "तुला काय निराळं लावती व्हय?" असं म्हणत त्या त्याचा कान धरायच्या.

खुटबावपासून आत, माळाच्या बाजूला ही वस्ती. इथली माणसं पूर्वी मेंढरांमागं चालायची. दिवाळी झाली की घोड्यांवर संसार लादून घाट उतरायची आणि पावसाच्या तोंडाला परतायची. आता मेंढरं फार कुणाकडं राहिली नाहीत. ज्यांना पाणी आहे त्यांनी ऊस केला, तो पाटसच्या कारखान्याला जातो. ज्यांना पाणी नाही त्यांची मुलं रांजणगावला कंपनीत लागली. बानूबाईंच्या घराला पाणी होतं. त्यांचे धाकटे दीर हौसराव यांच्या घराला नव्हतं. दोन घरांच्या मध्ये एक बांध आणि एक विहीर, एवढंच अंतर. पण तीसएक वर्षांत या घरातलं माणूस त्या घरात पाणी प्यायला गेलं नव्हतं.

भांडण त्या विहिरीचंच होतं. बानूबाईंचे सासरे घाटाखाली, मेंढरांच्या तळावर वारले. हौसराव तेव्हा मेंढरं घेऊन रानात होते. बानूबाईंचे नवरे शंभू वस्तीवरच राहिले होते, कारण त्या साली घोड्याची लाथ बसून त्यांचा पाय गुडघ्यातून मोडला होता आणि तो पुन्हा नीट जुळणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. पालात सासऱ्यांच्या उशाशी बानूबाई एकट्या होत्या. म्हाताऱ्यानं जाताना सांगितलं ते असं होतं: मेंढरं दोघांची निम्मी, विहीर दोघांची निम्मी. बानूबाईंनी वस्तीवर येऊन सांगितलं ते असं होतं: मेंढरं हौसरावची, विहीर शंभूची. हे त्यांनी पुढं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, म्हणून लिहिता येतं. तोवर ते त्यांना एकट्यांनाच माहीत होतं.

त्या वेळी मेंढरं म्हणजे चालता पैसा होता आणि विहीर म्हणजे माळावरचा एक खड्डा. त्यामुळं वाटणी वाईट आहे असं कुणालाच वाटलं नाही. फक्त हौसरावांना वाटलं. आपला बाप असं बोलणार नाही एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढं रानं बंद झाली, रस्ते झाले, रोगात मेंढरं मेली, उरलेली विकावी लागली. विहिरीला मात्र कालव्यामुळं पाझर वाढला. खोटं तेवढंच राहिलं, पण वर्षागणिक ते जड होत गेलं.

हौसरावांनी कोर्टकचेरी केली नाही. ते एकच बोलायचे, आणि लग्नात, सावडण्याला, जिथं चार माणसं जमतील तिथं बोलायचे: वहिनींनी बेलभंडारा उचलून सांगावं, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. उजव्या हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन खोटं बोललं तर ते बोलणाऱ्याच्या घरावर उलटतं, असं इकडं सगळे मानतात. बानूबाईंनी भंडारा उचलला नाही. सासऱ्यांचं सुतक, मग नवऱ्याचं आजारपण, मग वैधव्य, काही ना काही कारण मिळत गेलं. वस्तीनं हौसरावांनाच हळूहळू भांडखोर ठरवलं. पोरं त्यांना मागून "बेलभंडारा" म्हणूनच हाक मारायची.

मग एका जानेवारीत, उसाची तोड चालू असताना, वस्तीवर परदेशी माणसं आली.

लांबच्या एका देशाचं सरकार स्वतःच्या खर्चानं एक चॅनल चालवतं. त्यावर मालिका नाहीत की गाणी नाहीत, नुसते माहितीपट, आणि ते बऱ्याच भाषांत जगभर दाखवले जातात. कोर्टात न जाता माणसं भांडणं कशी मिटवतात यावर त्यांना एक मालिका करायची होती. प्रत्येक भागात एक देश. भारतासाठी त्यांना कुणीतरी मेंढपाळांकडं जा असं सांगितलं होतं. त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून जॉय आला होता. हा शिरूरचा, तिथं शाळेत इंग्रजी शिकवणारा तरुण मास्तर. हौसरावांचा मुलगा रांजणगावला ज्या खोलीत राहायचा, तिथं त्याची जॉयशी ओळख झाली होती. म्हणून गाडी नेमकी याच वस्तीवर आली.

हौसरावांनी खाटेवर बसूनच विचारलं, सरकारला कशाला पाहिजे टीव्ही. जॉयनं समजावलं की त्यांच्या देशाचं नाव बाहेर चांगलं व्हावं म्हणून. हौसराव म्हणाले, "आपलं सरकार येष्टी चालवतंय, त्यांचं टीव्ही चालवतंय. चालू द्या." शेजारच्या कुशाबाईंनी विचारलं की तोंड दाखवायचे काय देणार. सरकारी पैसा असल्यामुळं कुणाला काही देता येत नाही असा त्यांचा नियम निघाला. मग कुशाबाईंनी पदर सावरून पुन्हा शेंगा निवडायला घेतल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी बानूबाईंची सकाळ टिपली. दिग्दर्शिका चाळिशीची, उंच, कमी बोलणारी बाई होती. तिला ती पिशवी फार आवडली. कॅमेरा बोटांच्या इतका जवळ आणला की बानूबाईंनी सवयीनं त्याच्याही कपाळाला बोट लावलं. काच पुसण्यात कॅमेरावाल्याचा थोडा वेळ गेला, पण दिग्दर्शिका पहिल्यांदाच हसली.

दुसऱ्या दिवशी तिनं बेलभंडाऱ्याचं ऐकलं आणि ते करून दाखवा म्हणाली.

वस्तीतले सगळ्यांत जाणते कोंडिबा आबा. त्यांनी आधी नाही म्हटलं. खोट्या भांडणावर भंडारा उचलता येत नाही, तो काय तमाशातला गुलाल आहे का, असं त्यांनी जॉयला सुनावलं. जॉयनं ते दिग्दर्शिकेला सांगितलं. मग तिच्या माणसांनी यवतच्या दुकानातून किलोभर हळद आणली. दुकानातली हळद म्हणजे भंडारा नव्हे, आणि देवाचं नाव घेतलं नाही तर ती नुसती सोंगाची गोष्ट, असं म्हणत कोंडिबा आबा कसेबसे तयार झाले. आता भांडण कुठलं घ्यायचं हा प्रश्न आला. कुणाची बकरी कुणाच्या ज्वारीत गेली असं काहीतरी जॉय सुचवत होता.

हौसराव म्हणाले, "हिरीचं घ्या की. समद्यांना पाठ हाय."

बानूबाई शेळीच्या दाव्याची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिल्या.

संपतनं ते उचलून धरलं. त्याच्या मनात वेगळा हिशेब होता. आईनं एकदा हातात पिवळं घेऊन, चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर बोलून टाकलं की विषय कायमचा संपेल. हळद होती की भंडारा, हे पुढं कोण विचारणार आहे. त्यानं आईला घरात बोलावलं. प्रतिभा तिथंच भाकरी थापत होती, तिनं हे ऐकलं. तो एवढंच म्हणाला, "हळदच तर हाय आई. बोलून टाक."

अंगणात बाभळीखाली घोंगडी अंथरली. एका बाजूला कोंडिबा आबा, समोर हौसराव, मध्ये बानूबाई. संपत कॅमेऱ्याच्या मागं उभा. बानूबाईंच्या तळहातावर हळदीचा ढीग ओतला गेला, वर बेलाचं पान ठेवलं. दिग्दर्शिकेनं खूण केली आणि बानूबाई बोलल्या. न अडखळता बोलल्या. सासऱ्यांनी मेंढरं हौसरावला दिली आणि विहीर शंभूला दिली, मी माझ्या कानानं ऐकलं. तीस वर्षांपूर्वी बोललेलंच वाक्य, जवळपास त्याच शब्दांत. त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही. हौसरावांनी ते बरोबर टिपलं. ते मान खाली घालून घोंगडीच्या दशा चाळवत राहिले.

संपतनं श्वास सोडला. दिग्दर्शिका टाळी वाजवणार, इतक्यात कानाला डबे लावलेल्या माणसानं हात वर केला. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला होता, दोन ट्रॉल्या आणि वर मोठ्यानं लावलेलं गाणं. नेमक्या विहिरीच्या शब्दावर ते गाणं आलं होतं. दुसरा टेक घ्यावा लागणार होता.

हळद घोंगडीवर सांडली होती. पुडीत थोडी शिल्लक होती, ती एक जण आणायला निघाला, तर दिग्दर्शिकेनं त्याला थांबवलं. तिला काहीतरी सुचलं होतं. सकाळच्या दृश्यात बघणाऱ्यांनी ती पिशवी बघितलेली असेल, आता शपथही त्याच पिशवीतून निघाली तर दोन्ही जुळतील. तिच्या दृष्टीनं पिवळी पूड ती पिवळी पूड. जॉयच्या घरी भंडारा नसतो. त्यालाही त्यात वावगं वाटलं नाही. त्यानं सहज सांगितलं, "आजी, आता तुमच्या पिशवीतलं घ्यायचंय. मघाचंच बोला, फक्त ह्यातलं घेऊन."

हौसरावांनी मान वर केली. कोंडिबा आबा घोंगडीवर सरळ होऊन बसले. ज्या गोष्टीसाठी वस्ती तीस वर्षं थांबली होती, ती एका परक्या बाईनं पिशवीचा रंग जुळावा म्हणून मागितली होती.

बानूबाईंनी पिशवी कमरेची सोडली. दोरीची गाठ रोज एका झटक्यात सुटायची, ती आज सुटेना. त्यांनी ती दातांत धरून सोडली. चिमूट न घेता सगळी पिशवी तळहातावर पालथी केली. कोंडिबा आबांनी खाली पडलेलं बेलाचं पान उचललं, धोतराला पुसलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मघाशी पान जॉयनं ठेवलं होतं.

कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका लागला. कुशाबाई शेंगांचं सूप मांडीवर घेऊन तशाच थांबल्या होत्या. शेळी ओरडली आणि गप्प झाली.

"आई," संपत मागून हलकेच म्हणाला, "मघाचंच."

कानाला डबे लावलेल्या माणसानं त्याला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

बानूबाई आधी संपतकडं बघत होत्या, मग हौसरावांकडं वळल्या. बाईमाणसानं दिराच्या तोंडाकडं असं सरळ बघणं त्यांच्या पिढीत नव्हतं.

"खंडोबाच्या नावानं सांगती," त्या म्हणाल्या.

तिथंच वस्तीला कळलं. परदेशी माणसं सोडून सगळ्यांना.

"मामंजी गेले तवा पालात मी एकलीच हुते. ते म्हणले, मेंढरं निम्मी, हीर निम्मी. मी वस्तीवर येऊन निराळं सांगितलं. ह्यांचा पाय मोडला हुता. चालणाऱ्याला मेंढरं, बसणाऱ्याला हीर, आसा मी मनानं न्याय केला. तो मामंजींनी केला न्हाई, मी केला. हौसराव भावजी खोटं बोलत नव्हते."

त्यांनी मूठ मिटली. भंडारा बोटांतून घोंगडीवर, मघाच्या हळदीत पडत राहिला.

दिग्दर्शिकेला वाटलं, बाई नुसतीच जास्त बोलली. थांबवायचं की नाही हे विचारायला ती जॉयकडं वाकली. जॉय बोलेना. त्याचा चेहरा बघून तिनं पुन्हा विचारलं.

संपत त्याच्याजवळ आला. "मास्तर, घरातलं हाय हे. ते सांगायचं न्हाई."

जॉयनं एकदा संपतकडं बघितलं, एकदा आजींकडं. तो या गावचा नव्हता. संध्याकाळी गाडीत बसून त्याला न्हावऱ्यावरून शिरूर गाठायचं होतं. इथल्या विहिरीशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि या क्षणी सगळं त्याच्याच जिभेवर येऊन थांबलं होतं.

"सांग त्यास्नी," बानूबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठीच आणलाय न्हवं तुला."

जॉयनं सांगितलं. त्याला वेळ लागला. दिग्दर्शिकेनं गळ्यात अडकवलेला, चित्र बघायचा छोटा पडदा काढून हातात घेतला. मग तिनं फक्त एकच गोष्ट विचारायला लावली, की मग मघाशी बोललं ते काय होतं.

"ती हळद हुती," बानूबाई म्हणाल्या.

सगळ्यांना वाटलं, आता हौसराव उठतील आणि तीस वर्षांचं बोलून घेतील. हौसराव उठले, टोपी काढून झटकली, पुन्हा घातली आणि बांध ओलांडून आपल्या घरात गेले. दुपारी कोंडिबा आबा त्यांच्याकडं गेले, तर ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. पाणी मागणार का, असं आबांनी विचारलं. हौसराव म्हणाले, "पाणी कुणाला पायजे हुतं आबा. पोरं मला मागनं हाका मारायची, त्याचं काय ते बोला."

पाणी मात्र आलं नाही. संपतनं पाणी सोडलं नाही. तो आईला टाकून बोलला नाही की भांडलाही नाही, आणि तेच घरात जास्त जाचायला लागलं. कागदावर विहीर त्याच्या बापाची होती. उसाची लागण त्याच विहिरीच्या भरवशावर होती. आई जे बोलली ते सोंगातलं होतं, कॅमेऱ्यापुढं माणूस काहीही बोलतं, असं तो बाहेर सांगायचा. बानूबाईंनी कोंडिबा आबांकडून ओंजळभर भंडारा मागून पिशवी पुन्हा भरली. रोज चहाच्या आधी त्या अंगणात यायच्या. उंबरा, शेळी, करडं, कुत्रा, प्रतिभा. संपत त्याआधीच ट्रॅक्टर काढून गेलेला असायचा. ट्रॅक्टर उभा असायचा तिथं जमिनीवर तेलाचा डाग होता. बानूबाई एकेकदा त्या डागापाशी जाऊन थांबायच्या, मग आत यायच्या.

त्यांच्या मनाला एक गोष्ट लागली होती. दोन्ही गोष्टी त्या माणसांनी नेल्या होत्या, खोटी आणि खरी. त्यांतली कुठली दाखवणार. खरी दाखवली तर संपतला सोंगातलं म्हणता येणार नाही. खोटी दाखवली तर वस्तीनं ऐकलेलंही उद्या पुसलं जाईल, कारण टीव्हीवर दिसलं ते खरं असं लोक धरून चालतात. मार्चमध्ये एक दिवस घरात न सांगता त्या चौफुल्यावर आल्या आणि येष्टीत बसून शिरूरला गेल्या.

मिशनच्या जुन्या आवाराजवळ जॉयचं घर. जॉय शाळेत होता. त्याची आई प्रेमाबाई, निवृत्त नर्स, एकट्याच होत्या. जॉयनं त्यांना सगळं सांगितलेलं होतं, त्यामुळं तुम्ही कोण हे विचारावं लागलं नाही. दोघी चहा घेत बसल्या. बानूबाईंचा हात सवयीनं कमरेकडं गेला आणि थांबला. प्रेमाबाईंनी ते बघितलं. "आमच्यात लावत नाहीत हो," त्या म्हणाल्या, "पण पोराची गाडी बाहेर उभी आहे, तिला लावा. ती कुठल्या धर्माची नाही." बानूबाई त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या असाव्यात. शाळेतून चालत आलेल्या जॉयला आपल्या मोटारसायकलच्या दिव्यावर पिवळं बोट दिसलं आणि घरात कोण आलंय ते कळलं.

त्यानं तिथूनच दिग्दर्शिकेला फोन लावला. ती म्हणाली की मी दुसरा टेक घ्यावा म्हणून भांडतेय, पण शेवटचा शब्द माझा नाही. सरकारी चॅनल आहे, वर मंडळी बसतात, ती बघतात, मग ठरतं. जॉयनं हे जसंच्या तसं सांगितलं.

"तिकडं बी पंच हायत म्हंजी," बानूबाई म्हणाल्या. चौफुल्याला जाणारी शेवटची गाडी लवकर असते म्हणून त्या उठल्या.

मेच्या सुरुवातीला माहितीपट लागला. आपल्याकडं ते चॅनल दिसत नाही. जॉय लॅपटॉप घेऊन आला आणि त्यानं तो संपतच्या मोठ्या टीव्हीला जोडला. सगळी वस्ती संपतच्या ओसरीवर जमली. हौसराव आले नाहीत, पण बांधापलीकडं त्यांच्या अंगणात खाट होती आणि तिचं तोंड इकडं केलेलं होतं. उन्हाळ्यानं विहीर खाली गेली होती. संपतचा ऊस कसाबसा तग धरून होता. हौसरावांच्या रानात तर नुसती ढेकळं.

पडद्यावर आधी पहाट आली, मग बानूबाईंची बोटं, पिशवी, कुत्र्याची फिरवलेली मान. पोरं हसली. मग बाभळ, घोंगडी, कोंडिबा आबांची मिशी. मग बानूबाई, तळहातावर हळदीचा ढीग.

ढीग. पिशवी नव्हे. प्रतिभानं ते सगळ्यांत आधी ओळखलं आणि सासूकडं बघितलं.

बानूबाईंचे ओठ हलत होते, पण आवाज त्यांचा नव्हता. त्यांच्यावरून एका परक्या बाईचा गोड, संथ आवाज चालला होता. ट्रॅक्टरवरचं गाणं कुठं ऐकूच येत नव्हतं. ज्या गाण्यामुळं पुन्हा बोलायला लावलं, त्या गाण्यानं काही बिघडलंच नव्हतं. जॉय खालच्या आवाजात सांगत गेला. या बाई शपथ घेतात की विहीर त्यांच्या नवऱ्याची आहे. त्यांच्या समाजात शपथेनंतर कुणी शंका घेत नाही. असं हे तीस वर्षांचं भांडण एका सकाळी मिटलं. मग सूर्य मावळताना दिसला आणि नावं सुरू झाली.

दिग्दर्शिकेचा निरोप जॉयच्या फोनवर होता, की दुसरा टेक लांब होता आणि मालिकेत बसत नाही असं ठरलं, तिला वाईट वाटतं. हे त्यानं सांगितलं तेव्हा सगळे संपतकडं बघत होते. त्याला हवं होतं तेच झालं होतं. आता सगळ्या जगापुढं विहीर त्याची होती. तो टीव्हीच्या उजेडात हाताची घडी घालून उभा होता आणि काळ्या पडद्याकडंच बघत होता.

"कुठंकुठं दिसतंय हे?" बानूबाईंनी विचारलं.

जॉयनं आठवतील तेवढे देश सांगितले. आणि नेटवर राहील, कधीही बघता येईल, असंही सांगितलं.

"म्हंजी तिकडं मी अजून खोटंच बोलत बसणार."

"आपण कळवू आजी. पत्र लिहू."

"लिव्ह," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. जॉयनं पुढं दोनदा लिहिलं. तुमचं म्हणणं नोंदवलं आहे, असं सभ्य उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी बानूबाई अंगणात आल्या. उंबरा, शेळी, कुत्रा, प्रतिभा. ट्रॅक्टर जागेवर होता. संपत त्याच्या चाकाशी उभा होता. बानूबाई थोडं अंतर ठेवून थांबल्या. संपतनं पुढं येऊन मान खाली केली. त्यांनी बोट लावलं. रात्री तो झोपला नव्हता हे प्रतिभाला माहीत होतं, पण तो काय विचार करत होता ते त्यानं तिलाही सांगितलं नाही. तिनंच पुढं एकदा म्हटलं की ते दुसऱ्या बाईच्या आवाजात आईचं तोंड हललेलं त्याला बघवलं नसावं. हळदच तर हाय, असं तो स्वतःच तर म्हणाला होता.

विहिरीला पाझर वाढल्यावर पाइपलाइन टाकली तेव्हा तिचा एक फाटा हौसरावांच्या रानाकडं काढलेला होता. भांडणामुळं त्याच्या तोंडावर टोपण बसवलं होतं. बानूबाई तिकडं निघाल्या. बांधाजवळ जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी ते टोपण फिरवून बघितलं. ते गंजून पाइपाशी एक झालं होतं. कपाळावर घाम आला. पलीकडं हौसराव खाटेवर उठून बसले होते, पण आले नाहीत. मागून संपत आला. त्याच्या हातात मोठा पाना होता. त्यानं आईला खांद्याला धरून बाजूला केलं, पाना लावला आणि अंगाचा भार टाकला. पहिल्यांदा सरकलं नाही. दुसऱ्यांदा कुरकुरलं. टोपण निघालं तेव्हा आतून आधी गंज आला, मग गाळ, मग मेलेला बेडूक, आणि मग बराच वेळ काहीच नाही. संपत धावत मोटारीकडं गेला.

पाणी आल्यावर हौसराव बांधापर्यंत आले. चुलत्या-पुतण्यात काही बोलणं झालं नाही. हौसरावांनी फावडं घेतलं आणि पहिल्या वाफ्याचं तोंड फोडलं. विहिरीत पाणी कमी होतं, त्यामुळं तेव्हापासून संपतचा ऊस निम्म्यावर आला. त्यावरून संपत अजूनही कधीकधी चिडतो. दोन घरांत ठरलेल्या पाण्याच्या पाळ्या मात्र त्यानं मोडल्या नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात बानूबाई गेल्या. त्याआधी दोन दिवस त्यांना बारीक ताप होता. त्या दिवशी शेतीची वीज सकाळीच आली आणि पाळी हौसरावांची होती. त्या अंगणात उन्हाला पडल्या होत्या. पिशवी सोडून झाली होती, कुत्र्यानं मान फिरवून झाली होती. प्रतिभा चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी डोळे मिटलेलेच होते. मोटारीचा आवाज येत होता. त्यांनी थोडा वेळ तो ऐकला. चहा ठेवून प्रतिभा परत वळली तेव्हा त्या म्हणाल्या,

"भावजींच्या खालच्या वाफ्यात पाणी पोचलं का बघ, मग मोटार बंद कर."